दोन ठिपक्यांचं लोखंड

चाक दोन तुकड्यांत आमच्या दारात आलं. वडणग्याच्या केरबा चौगुल्यानं ते टेंपोतून खाली ढकललं, तेव्हा फौंड्रीतल्या सगळ्यांच्या हातातली कामं थांबली.

"आक्का, हे तुमचं चाक. चरकाला बसवून बारा दिवस झाले न्हाईत. दात उडाला तो माझ्या गड्याच्या कानाजवळनं गेला. दोन बोटं अलीकडं आला असता तर आज मी चाक घेऊन आलो नसतो, मढं घेऊन आलो असतो."

"तोंड सांभाळून बोल, केरबा," मी म्हणाले. "चरकात दगड घातला असशील."

"ऊस घातला, ऊस! चरकात आनी काय घालत्यात?"

कामगारांपैकी कुणीतरी हसलं. मी मान वळवली, हसू थांबलं. माझ्याकडे बघून हसायची पद्धत आमच्या कारखान्यात नव्हती.

पण आतून मी हादरले होते. तीन महिन्यांत फुटलेलं हे तिसरं चाक. उसाच्या चरकाचं चाक आमचंच घ्यावं, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पैजेवर सांगायचे. माझे मालक आणि मी, आम्ही दोघांनी हाताने वाळू चाळून ही ओतशाळा उभी केली होती. ते गेल्यावर नऊ वर्षं मी एकटीने चालवली. तिसरी शिकलेली बाई मी. पण बिडाचं चाक हातोडीने वाजवून ते बरं की वाईट हे सांगू शकत होते, आणि ते मला कुठल्या मास्तराने शिकवलं नव्हतं.

केरबा गेला तसा माझा मुलगा विलास म्हणाला, "आई, आता बास. नबीचाचांचे डोळे गेलेत. पुढच्या महिन्यापासून त्यांना घरी बसवू. मी एक डिप्लोमावाला बघून ठेवलाय."

नबीलाल मिस्त्री दहा हातांवर उभा होता. त्याने ऐकलं. खाली बसून तो वाळू चाळायला लागला, जे काम त्याचं नव्हतं.

हा नबी म्हणजे काय होता ते सांगते. भट्टीच्या तोंडाला एक भोक असतं, त्यातून तो आत बघायचा आणि म्हणायचा, "अजून पिवळं हाय. थांबा." मग काही न बोलता हात वर करायचा. त्याच घटकेला भट्टी फोडली की लोखंड दुधासारखं खाली यायचं. आधी त्याची एक छोटी पाचर ओतायची, गार करून मोडायची, आणि मोडलेल्या जागेचा रंग बघून तो सांगायचा, ओता किंवा ओतू नका. पंचवीस वर्षं मी हे बघत होते आणि पंचवीस वर्षं माझ्या अंगावर काटा येत होता. अशा माणसाला डिप्लोमावाल्यासाठी घरी बसवायचं?

"नबीला हात लावायचा न्हाई," मी म्हणाले.

"मग चाकं का फुटतात ते सांग."

तेव्हा मागून आवाज आला. "मला आठ दिवस द्या. मी शोधते."

माझी सून, वृंदा. सातारच्या मास्तरांची मुलगी. पुण्याला कॉलेजात धातूंचं शिकत होती, इंजिनियरचं. तीन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून लग्न घाईने झालं. बैठकीत मास्तर खाटेवरून एकच म्हणाले, "शेवटचं वर्ष तेवढं पुरं करू द्या." पंधरा माणसांदेखत मी म्हणाले, "दिला शब्द." आणि जून आल्यावर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या जूनलाही तेच म्हणाले.

का म्हणाले? घरात माणूस नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. लग्नानंतर आठव्या दिवशी ती फौंड्रीत आली आणि नबीच्या पाचरीकडे बघून म्हणाली, "याला आमच्याकडे चिल टेस्ट म्हणतात." आमच्याकडे! म्हणजे आमचीच गोष्ट तिच्याकडची झाली होती. त्या दिवशी माझ्या मनात बसलं, की ही कागद घेऊन आली तर माझं इथलं बोलणं संपेल.

तिने एका शब्दाने भांडण केलं नाही. पुस्तकांची ट्रंक खाटेखाली सरकवली. पण दोन वर्षं सुटलेल्याने एप्रिल संपायच्या आत अर्ज केला नाही तर नाव कायमचं कमी होतं, हे विलासने मला दोनदा सांगितलं होतं. आणि तो एप्रिलच होता.

"आठ दिवस?" मी म्हणाले. "तीन वर्षं शिकलीस, तर आठ दिवस कशाला लागतात? पुस्तकात लिहिलेलं नसंल व्हय?"

"लिहिलेलं आहे. कुठलं पान ते शोधायला लागेल."

सगळ्यांसमोर बोलली. मग मीही सगळ्यांसमोर बोलले. "ठीक हाय. सापडलं तर तुझा अर्ज मी स्वतः भरते. न्हाई सापडलं तर ती ट्रंक माळ्यावर जाईल, आणि परत कॉलेजचं नाव या घरात निघायचं न्हाई. कबूल?"

विलास म्हणाला, "आई, हे काय—"

"कबूल," वृंदा म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने काय करावं? फुटलेल्या चाकांचे तुकडे गोळा केले, आणि नबीला विचारलं, "चाचा, हे ठिपके कसले?"

नबीला अक्षर येत नव्हतं. पण कुठलं चाक कधीचं हे कळायला हवं, म्हणून तो साच्याच्या वाळूत बोटाने ठिपके दाबायचा. आमची भट्टी आठवड्यातून तीनदा. मंगळवारच्या चाकाला एक ठिपका, शुक्रवारच्या चाकाला दोन, रविवारच्याला तीन. सोमवारी सुट्टी.

"तिन्ही तुकड्यांवर दोनच आहेत," वृंदा म्हणाली.

नबीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग म्हणाला, "असतील."

"शुक्रवारचं भंगार वेगळं असतं का? कोळसा वेगळा?"

"तेच सगळं. माणसं बी तीच."

"मग शुक्रवारी वेगळं काय होतं?"

"मला काय म्हाईत, बाई," म्हणून तो लघवीला गेला. पंचवीस वर्षांत मी त्याला भट्टी पेटलेली सोडून जाताना बघितलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. शुक्रवार माझा. अंबाबाईचा वार. मालकांच्या वेळेपासून पहिल्या बादलीचा मान देवीचा. भट्टीतून रस बादलीत आला की मी पुढे व्हायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि चांदीचा एक कण रसात सोडायचे. मालक सराफाकडून तारेचा तुकडा आणायचे. तो सराफ गेल्या दिवाळीला वारला, दुकान मोडलं. मग मी एका जत्रेतून चांदीची लक्ष्मीची पावलं घेतली, तीन डझन. ती बादली दोघांनी उचलून वीस पावलांवरच्या साच्यात रिकामी करायची. पहिली बादली नेहमी चरकाच्या चाकाला, कारण तेच आमचं नाव.

त्या दिवशी वृंदा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हात जोडलेले. मला बरं वाटलं.

"आई, एक पाऊल बघू?"

मी दिलं. तिने तळहातावर ठेवलं, जरा वर-खाली केलं. "वजनदार आहे."

"अस्सल हाय म्हणून. हातात घेतल्यावर कळतं. त्याला कॉलेज लागत न्हाई."

ती हसली नाही. पाऊल तिने कपाळाला लावलं आणि मला परत दिलं. मी ते रसात सोडलं. भुरकन धूर निघाला, नेहमीसारखा. नबी दुसरीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशीपासून स्वयंपाकघरात एक आवाज सुरू झाला. खर्र, खर्र. भांडी घासून झाली की वृंदा ओट्यावर काच ठेवायची, काचेवर पॉलिश कागद, आणि बोटभर लोखंडाचे दोन तुकडे पाणी लावून घासत बसायची. आधी जाडा कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. कागद बदलला की तुकडा आडवा फिरवायचा आणि आधीची एकही रेघ न उरेपर्यंत घासायचा. मग मखमलीच्या कापडावर पांढरी पूड टाकून.

"नथ करतीस का काय त्याची?" मी म्हणाले.

"झालं की दाखवते."

"बोटं बघ. लोक म्हणतील, सासू दगडाची भांडी घासायला लावते."

"लोकांना ओतशाळेतली भांडी माहीत नाहीत."

बोटांची टोकं लाल झाली होती तिची. तीन दिवस. मला राग यायचा आणि मी कामं काढून तिथेच घुटमळायचे. चौथ्या दिवशी तिने एक तुकडा माझ्यासमोर धरला. त्यात मला माझं तोंड दिसलं. चाळीस वर्षं लोखंडात काढली मी. लोखंडाला आरशासारखी चमक येते, हे मला माहीत नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"आता उद्या माझ्याबरोबर चला. तुम्ही एकट्याच."

"विलासला घेऊ."

"नको. तुम्हीच."

गावातल्या एका कॉलेजात आम्ही गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा. जिन्यावर पोरं होती, ती बाजूला झाली, कारण वरून एक बाई येत होती. वृंदाच्या वयाची. शिपाई उठून उभा राहिला, "मॅडम" म्हणाला. मॅडम धावत आली आणि तिने वृंदाला मिठी मारली.

"ही अनघा," वृंदा म्हणाली. "माझ्याच वर्गातली. आम्ही एका बाकावर बसायचो."

एका बाकावर. एक आता मॅडम होती, दुसरीच्या बोटांना माझ्या ओट्यावर फोड आले होते. अनघा माझ्या पाया पडली.

आत काळं यंत्र होतं, वाकून बघायचं. वृंदाने पहिला तुकडा ठेवला, एक चक्री फिरवली, आणि मग म्हणाली, "अनघा, जरा चहा सांगतेस? आईंना साखर जास्त लागते, तू स्वतःच उभी राहून करून घे." अनघाने तिच्याकडे बघितलं, समजली, दार ओढून गेली.

"बघा, आई. एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा."

मी वाकले.

काय सांगू. पांढरंशुभ्र अंगण. त्यावर काळ्या शेवया टाकलेल्या, वळलेल्या, लवलेल्या, एकमेकींना न शिवणाऱ्या. कुठे पाच-सहा एकत्र येऊन फुलासारख्या झालेल्या. कुणी काढली ही रांगोळी? मी डोकं वर काढून तो तुकडा बघितला. एवढासा, गप्प. परत वाकले. परत तेच अंगण.

"हे काय हाय?"

"लोखंड. आपलं. शुक्रवारी चाचांनी मोडली ना पाचर, त्यातलं. काळं दिसतं तो त्यातला कोळसा. लोखंड गार होताना तो असा उमलतो."

"दर बारीला?"

"दर वेळी. प्रत्येक चाकात. तुम्ही ओतलेल्या सगळ्या चाकांत."

चाळीस वर्षं ही रांगोळी माझ्या हाताखाली उमटत होती, आणि मी बाहेरून हातोडी मारून म्हणत होते, मला कळतं. डोळ्यांत पाणी आलं तर यंत्र खराब होईल म्हणून मी मागे सरकले.

"आता दुसरा," ती म्हणाली. "हाही शुक्रवारचाच. तीच भट्टी, तोच रस. चाकात ओतल्यानंतरचा. चाचांनी ते चाक विकायचं नाही म्हणून बाजूला ठेवलंय."

मी वाकले. अंगण तेच. शेवयाही होत्या. पण प्रत्येकीला काटे फुटले होते. बारीक, टोकदार, एका ओळीत, बाभळीच्या फांदीसारखे. जिथे नजर टाकावी तिथे काटे. असल्या लोखंडाला दात असून काय उपयोग, आतूनच ते कुरतडलेलं होतं.

"कशानं झालं हे?"

"शिशाने. ऐंशी किलोच्या बादलीला तोळाभर पुरतं."

"शिसं माझ्या भट्टीत कुठनं येईल? नबी भंगार हाताने निवडतो."

"भट्टीत नाही, आई." तिने पहिला तुकडा परत ठेवला. "भट्टीतलं हे बघा. यात काटे नाहीत."

ती यंत्रापासून उठून खिडकीशी गेली. खिडकीतून पोरांचा दंगा येत होता.

भट्टी ते साचा वीस पावलं. त्या वीस पावलांत रसात एकच गोष्ट पडते.

माझ्या कमरेला बटवा होता. त्यात एक पाऊल होतं, पुढच्या शुक्रवारचं. मी ते काढलं आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर घासलं. वरची चांदी दोनदा घासताच गेली. मग राखाडी रेघ उमटली, ठळक.

"तुला कवा कळलं?"

"हातात घेतलं तेव्हा संशय आला. जत्रेतली चांदीची पावलं पत्र्याची असतात, एवढी जड नसतात."

"आनी तरी मला टाकू दिलंस?"

"न टाकता सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?"

मी खरं बोलले. "न्हाई. देवीला नावं ठेवतीस म्हणून घराबाहेर काढली असती."

"म्हणून घासत बसले," ती म्हणाली.

दोन गोष्टी तेव्हा मला दिसल्या, यंत्राशिवाय. पैजेचा निकाल देणारी मी होते, आणि चोर सापडला तो मीच. हे तिला शुक्रवारीच कळलं होतं. ते चारचौघांत सांगितलं असतं तर तिचं वर्ष त्याच दिवशी वसूल झालं असतं. त्याऐवजी ती चार दिवस बोटं सोलत बसली, आणि मॅडमला चहाला पाठवून, दार लोटून, मला नुसतं वाकायला लावलं. निकाल माझ्याच तोंडी ठेवला. मी गप्प बसले असते तर तीही गप्प बसली असती. ट्रंक माळ्यावर गेली असती, आणि नबी घरी.

चहा आला. साखर खूप होती. मी सगळा प्याले.

फौंड्रीत पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. माणसं डबे सोडून बसलेली. मी विलासला बोलावलं आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिले.

"चाकं कशानं फुटली ते सापडलं," मी म्हणाले. "माझ्यानं फुटली. जत्रेतल्या भामट्यानं मला चांदी म्हणून शिसं विकलं आनी मी दर शुक्रवारी ते रसात टाकत होते. सुनेनं शोधलं. नबीची काही चूक न्हाई."

कुणी घास घेईना.

नबी उठला, हात धुतले, माझ्यासमोर आला. म्हणाला, "आक्का, मला ऐकू येत हुतं."

"काय?"

"शुक्रवारचं पहिलं चाक. वाजवलं की दबकं वाजायचं. दिवाळीपास्नं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? तुमच्या देवीचं हुतं. मी नबीलाल." त्याने गळ्यातल्या पंच्याने हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. "आनी माझ्या कानाला कोण इचारतंय? कागद हाय का त्याला?"

पंचवीस वर्षांचा कान. माझ्याशेजारी उभा राहून त्याने सहा महिने ऐकलं आणि गिळलं. आणि मी समजत होते, की या अंगणात जे कळतं ते सगळं मला सांगितलं जातं.

वृंदा म्हणाली, "चाचा, मला शिकवाल? दबकं कसं वाजतं ते? आमच्या पुस्तकात ते पान नाही."

नबीने बाजूला ठेवलेलं चाक दाखवलं, हातोडी तिच्या हातात दिली. ती वाजवत राहिली, तो "न्हाई, परत" म्हणत राहिला, आणि अर्ध्या तासाने तिचा चेहरा असा झाला, जसा माझा त्या यंत्रावर झाला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अर्ज घेऊन माजघरात बसली. मी समोर पाट ओढला.

"एक सांगते, आई," ती म्हणाली. "डिग्री घेतल्यावर मी इथेच काम करीन, असा शब्द मी देत नाही. मला अजून माहीत नाही."

"शब्द मागितला कुणी? आनी या घरात शब्दाची किंमत काय असती ते तू बघितलंस की." मी चष्मा लावला. "वाच, काय लिहिलंस."

ती वाचत गेली. नाव, गाव, वर्ष. मग एका ओळीवर थांबली आणि कागद उलटा करायला लागली. मी हात ठेवला.

"ही ओळ कसली?"

"मागची दोन वर्षं का सुटली, त्याचं कारण."

मी बोट ठेवून स्वतः वाचलं, एकेक अक्षर जोडत. घ-र-गु-ती अ-ड-च-ण.

"खोटं लिहू नकोस. सासूने शब्द मोडला, असं लिही."

"असं लिहीत नाहीत, आई."

"का? कॉलेजात खरं चालत न्हाई?"

तिने खाली मान घातली, आणि मग हसू फुटून तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मी पुसले नाहीत. मी तिच्या हातातलं पेन घेतलं. खाली पालकाच्या सहीची जागा होती, तिथे तिच्या वडिलांचं नाव यायचं. मी 'हौसाबाई' लिहायला सुरुवात केली. हौ-ला दोन मात्रा असतात की एक ते आठवेना, म्हणून तिला विचारलं. तिने हवेत बोटाने काढून दाखवलं, फोड आलेल्या बोटाने, आणि मी तसं लिहिलं.